हिंगण्याची वाट

जून महिना उजाडला, की पुण्यात वसतिगृहांच्या दारांशी एक ठरावीक दृश्य दिसू लागते. रिक्षातून उतरवलेली लोखंडी पेटी, गुंडाळलेली गादी, प्लॅस्टिकची बादली आणि सोबत आलेल्या वडिलांच्या चेहऱ्यावरची काळजी. मुलगी कोठे राहणार, काय खाणार, आजारी पडली तर कोण बघणार, आणि या साऱ्याचा खर्च किती, हे प्रश्न अभ्यासक्रमाच्या आधी विचारले जातात. कर्वेनगरातील महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात हे दृश्य पाहताना मात्र मन शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाते. ज्या जागी आज अभियांत्रिकीपासून वास्तुकलेपर्यंतचे शिक्षण मुली घेत आहेत, तेथे १९०० साली एक झोपडी होती. भोवताली माळ आणि शेते होती, रस्ता नावापुरता होता. पुण्यापासून चार मैलांवरच्या या हिंगणे गावात विधवा मुलींची शाळा आणि वसतिगृह एकाच छपराखाली सुरू झाले. ती झोपडी संस्थेने आजही जतन करून ठेवली आहे.

ती उभारणारे धोंडो केशव कर्वे तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. व्यवसायाने ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. स्वभावाने अबोल, वक्तृत्वाशी वैर असलेले, वादात मागे राहणारे. टिळक-आगरकरांच्या पुण्यात असा मनुष्य सार्वजनिक कार्यात टिकणे अवघडच होते. कर्वे टिकले. त्याचे कारण शोधायचे तर त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेकडे वळावे लागते.

मुरूड ते सातारा

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवली येथे झाला. मूळ गाव दापोलीजवळचे मुरूड. घराणे एकेकाळी सुस्थितीतले, पण वडील केशवपंतांच्या काळात परिस्थिती ओढगस्तीची झालेली. गावातल्या शाळेत सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. शाळेबाहेरच्या जगाची ओळख कर्व्यांना त्यांनी करून दिली. देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम गुरुजी या लाजाळू मुलावर सोपवीत. चार माणसांसमोर बोलताना घाम फुटणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही शिक्षाच होती. तरीही त्याने ते काम केले.

सरकारी परीक्षेला बसायचे तर त्या वेळी सातारा गाठणे भाग होते. समुद्रावर बोट मिळेना, तेव्हा सोबत्यांसह हा मुलगा चालत निघाला. डोंगर ओलांडून, कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैलांची वाट त्यांनी चार दिवसांत तुडविली. परीक्षेसाठी वयाची सतरा वर्षे पुरी असणे आवश्यक होते आणि ती पुरी झालीही होती. पण अंगकाठी इतकी किरकोळ, की परीक्षा समितीच्या प्रमुखांचा वयाच्या दाखल्यावर विश्वास बसला नाही. मुलाला परीक्षेला बसू दिले गेले नाही. चार दिवस चालून आलेला विद्यार्थी पुन्हा परतीच्या वाटेला लागला. पुढच्या वर्षी कोल्हापुरात तो त्याच परीक्षेला बसला आणि उत्तीर्ण झाला.

हा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा आला आहे, की त्यातला कडवटपणा आता निघून गेला आहे. जिद्दीची गोष्ट म्हणून तो सांगितला जातो. पण त्यात दुसरेही काही आहे. गुणवत्ता असूनही केवळ अंतर, पैसा आणि एका अधिकाऱ्याची शंका यांपायी शिक्षणाचे दार बंद होऊ शकते, हे कर्व्यांनी वयाच्या सतराव्या वर्षी अनुभवले. विद्यार्थ्याला शाळेइतकीच शाळेपर्यंत पोहोचण्याची सोय लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

पुढचे शिक्षणही असेच अडखळत झाले. रत्नागिरी, मग मुंबई. मॅट्रिक होईपर्यंत १८८१ साल उजाडले. कर्वे तेव्हा तेवीस वर्षांचे होते, लग्न झालेले होते आणि पुढच्याच वर्षी ते पिता झाले. विल्सन आणि नंतर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. या साऱ्या काळात त्यांचा निर्वाह शिकवण्यांवर चालला. एका घरी शिकवायचे, तेथून दुसरीकडे जायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास करायचा. पदवी मिळाल्यावरही मुंबईतल्या निरनिराळ्या शाळांत तासांवर शिकवून त्यांनी संसार चालविला.

मुंबईतले त्यांचे बिऱ्हाड म्हणजे एक लहानसे वसतिगृहच होते. मित्र नरहरपंत जोशी त्यांच्यासोबत राहात. मुर्डी गावाहून आलेला रघुनाथ परांजपे हा मावसभाऊ त्यांच्याकडेच राहून शिकला. हाच मुलगा १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाला आणि सारा देश हरखून गेला. रँग्लर परांजपे यांच्या यशाची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण ज्या बिऱ्हाडात त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय झाली, त्याची आठवण कमी काढली जाते. मुंबईत स्थिरावलेल्या मुरूडकरांनी आपल्या उत्पन्नातला काही भाग गावासाठी बाजूला काढावा, म्हणून कर्व्यांनी मुरूड फंडही सुरू केला होता. थोडे-थोडे, पण नेमाने द्यायचे आणि हिशेब चोख ठेवायचा, ही त्यांची पुढच्या आयुष्यातली रीत तेथेच घडली.

शारदा सदनातली पहिली विद्यार्थिनी

नरहरपंतांची बहीण गोदूबाई बालविधवा होती. आठव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर तीनच महिन्यांत वैधव्य. नवरा म्हणजे काय हे कळण्याआधीच ती त्याच्या नावाने जन्मभराची शिक्षा भोगू लागली होती. नरहरपंतांनी तिला मुंबईत आणले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई होती. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आले.

१८९१ साल कर्व्यांच्या आयुष्यात दोन मोठे बदल घडवून गेले. पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यास आले. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर गणिताच्या प्राध्यापकाची जागा मोकळी झाली होती. सोसायटीच्या आजीव सदस्याला तेव्हा दरमहा ७५ रुपये मिळत आणि वीस वर्षे सेवेची शपथ घ्यावी लागे. कर्व्यांनी ती पाळली आणि १९१४ मध्ये ते निवृत्त झाले.

पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. शारदा सदन सुरू झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. गोदूबाई आनंदीबाई झाल्या, पुढे सर्वांच्या बाया झाल्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्काराचा ठराव केला. कर्व्यांना जो घरात घेईल, तोही वाळीत. म्हातारी आई आणि भाऊ त्याच गावात राहात होते. ज्या गावासाठी कर्व्यांनी मुंबईत पैसा-पैसा गोळा केला, त्याच गावात त्यांना आईच्या घरी उतरण्याची चोरी झाली.

त्याच वर्षी शारदा सदनावर वादळ आले. तेथील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते, या आरोपावरून पुणे ढवळून निघाले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात कोणाची बाजू खरी, याची चर्चा अजूनही होते. कर्व्यांसमोरचा प्रश्न अधिक व्यावहारिक होता. सदनातून काढलेल्या आणि ज्यांना तेथे कधीच पाठविले जाणार नव्हते अशा मुलींनी शिकायचे कोठे? ज्या घरातून स्वतःच्या पत्नीला शिक्षण आणि नवे आयुष्य मिळाले, तसेच घर हिंदू समाजाला विश्वास वाटेल अशा व्यवस्थेखाली उभे करता येईल काय, हा विचार तेथून सुरू झाला. १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. भांडारकर अध्यक्ष झाले.

रोजची पायपीट

आश्रमाला सुरुवातीला पुण्यातच जागा होती. पण १८९७ पासून प्लेगने शहराला ग्रासले होते आणि दाट वस्तीत मुलींना ठेवणे धोक्याचे झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची आपली जमीन आणि झोपडीसाठी पैसे दिले, आणि १९०० मध्ये आश्रम तेथे गेला.

त्या काळची कर्व्यांची दिनचर्या अशी होती : दिवसा फर्ग्युसनमध्ये गणिताचे तास, संध्याकाळी हिंगण्याची वाट. जाताना आश्रमाला लागणारे सामान पुण्यातून बरोबर न्यायचे. रात्री मुलींना शिकवायचे, मुक्काम तेथेच करायचा आणि सकाळी पुन्हा पुण्याला यायचे. पावसाळ्यात वाटेवर चिखल होई आणि चप्पल हातात घेऊन चालावे लागे. हा क्रम जवळजवळ दोन वर्षे चालला. एवढ्या मैलांची पायपीट करून हा प्राध्यापक कोणाला शिकवायला जात होता? आलवण नेसलेल्या, अनेकदा केशवपन झालेल्या, एकवेळच्या जेवणाची सवय लावलेल्या मुलींना. कोणी दहा-बारा वर्षांची, कोणी पंचविशीची. कोणाला अक्षरओळखही नव्हती, तर कोणी माहेरी चोरून दोन पुस्तके वाचलेली.

या मुलींना शाळेत बसविण्याआधी बरेच काही करावे लागत होते. पहिली गोष्ट म्हणजे त्यांना घराबाहेर पडण्याची परवानगी मिळविणे. सासरचे म्हणत, फुकटची स्वयंपाकीण हातची जाते. माहेरचे म्हणत, लोक नावे ठेवतील. कोणी मुलगी आलीच, तर काही महिन्यांनी नातेवाईक येऊन तिला परत नेत. खर्चाचा प्रश्न तर कायमचाच. ज्यांचे पालक काही देऊ शकत, ते थोडेफार देत. ज्यांचे कोणीच नव्हते, त्यांचा भार वर्गणीवर. सुटी लागली, की कर्वे गावोगाव फिरून पैसा गोळा करीत. कोणी रुपया देई, कोणी चार आणे, कोणी नुसताच उपदेश. देणगी कितीही लहान असो, तिची नोंद झालीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. स्वतःची आयुर्विम्याची पॉलिसीदेखील त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली.

येथे बायांचे दुःख समजून घ्यायला हवे. घरात मुले वाढत होती. शंकर, दिनकर, भास्कर आणि राधाबाईंचा मुलगा रघुनाथ. पगार ७५ रुपयांचा, त्यातलाही वाटा आश्रमाकडे जाणारा, आणि आता विम्याचा आधारही गेलेला. स्वतः विधवा म्हणून सदनात राहिलेल्या बायांना आश्रमातल्या मुलींचे दुःख नवऱ्यापेक्षा अधिक जवळून कळत होते. तेथे काम करण्याची त्यांची तीव्र इच्छा होती. पण पुनर्विवाहित स्त्री आश्रमात वावरताना दिसली, तर सनातनी पालक मुली पाठविणार नाहीत, या भीतीने त्यांना बराच काळ दूर ठेवले गेले. जिच्यापासून ही कल्पना सुरू झाली, तिलाच तिच्यात जागा नव्हती. बायांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले आणि संसाराला हातभार लावला. त्यांच्या 'माझे पुराण' या आत्मकथनात ही वेदना लपलेली नाही. महर्षींच्या चरित्रकारांनी तिची दखल घेताना हात आखडता घेतला, असे म्हणावेसे वाटते.

आश्रमाचे हे धोरण पुनर्विवाहाच्या बाबतीतही दिसते. कर्व्यांनी आधी विधवाविवाहाच्या प्रचारासाठी मंडळी चालविली होती. आश्रम सुरू झाल्यावर त्यांनी तो प्रचार तेथे येऊ दिला नाही. आश्रम शिक्षणासाठी आहे, येथे मुलींची लग्ने लावली जात नाहीत, अशी हमी पालकांना देण्यात आली. सुधारकांना ही माघार वाटली, सनातन्यांना ही फसवणूक वाटली. कर्व्यांच्या लेखी मुलीच्या हाती आधी अक्षर आणि पोटापाण्याचे साधन येणे महत्त्वाचे होते. पुढचा निर्णय तिचा. आगरकर हयात असते, तर त्यांनी ही तडजोड सोडून दिली नसती. पण १८९५ मध्येच ते गेले होते, आणि हेही खरे, की अशा तडजोडीखेरीज त्या झोपडीत मुलीच आल्या नसत्या.

आणखी एक उणीव नोंदवायला हवी. सुरुवातीच्या काळात आश्रमात प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या. केशवपनाची रूढी त्याच समाजात सर्वाधिक कठोर होती, हे त्याचे एक कारण. तरीही संस्थेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, हा आक्षेप त्या काळीही घेतला जाई. उतारवयात, १९४४ मध्ये, कर्व्यांनी समता संघ काढला. तोवर ते शहाऐंशी वर्षांचे झाले होते.

स्वयंपाकघरातून व्यासपीठावर

आश्रमाची खरी ताकद त्यातून तयार झालेल्या बायकांत होती. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले हे त्याचे ठळक उदाहरण. विधवा, पदरी मुलगा, शिक्षण जवळजवळ नाही. त्या आश्रमात आल्या, शिकल्या, आश्रमाच्या कारभाराचा भार त्यांनी उचलला. पुढे वर्गणी गोळा करण्यासाठी त्या देशभर हिंडल्या, सभांतून बोलू लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्या इंग्रजीचे ज्ञान जुजबी असताना अमेरिकेला गेल्या आणि तेथे मिळेल ते घरकाम करून राहिल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचकांनी पुन्हा हाती घ्यावे असे आहे. वेणूताई नामजोशी, काशीबाई देवधर, वारूबाई शेवडे अशा स्त्रिया आश्रमात शिकल्या आणि तेथेच शिकवू लागल्या. विद्यार्थिनीनेच पुढे दुसऱ्या विद्यार्थिनीला सांभाळायचे, ही रीत तेथे रुजली. पैसा कमी असला तरी माणसे कमी पडली नाहीत, ती या रीतीमुळे.

४ मार्च १९०७ रोजी महिला विद्यालय सुरू झाले. ते कुमारिकांसाठी होते. विधवांना शिकविण्यापेक्षा मुलींचे लग्नच लांबवावे, म्हणजे त्या बालविधवा होणार नाहीत, असा त्यामागचा हिशेब होता. गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल असाच. १९०८ मध्ये या संस्थांना आयुष्य वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला. १९११ मध्ये विद्यालय हिंगण्याला आले. आता विधवा आणि कुमारिका एकाच आवारात राहू लागल्या. कुंकू लावणारी आणि न लावणारी मुलगी एका पंक्तीला जेवू लागली. आज यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळी विधवेचे तोंड पाहणे अशुभ मानले जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या पंक्तीचे मोल कळते.

वेगळे विद्यापीठ कशासाठी?

फर्ग्युसनमधून निवृत्त झाल्यावर कर्व्यांच्या हाती एक पुस्तिका पडली. टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती तिच्यात होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि तेथे त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. जून १९१६ मध्ये विद्यापीठ सुरूही झाले. हिंगण्यातल्या पहिल्या महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. ज्या मुलाने कर्व्यांच्या बिऱ्हाडात राहून अभ्यास केला, तो आता त्यांच्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला होता.

या विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्या काळातल्या विद्वानांना मुळीच रुचला नाही. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी मात्र सक्तीचा विषय. गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र आवश्यक, गणित ऐच्छिक. स्वतः आयुष्यभर गणित शिकविलेल्या माणसाने मुलींसाठी गणित ऐच्छिक ठेवावे, यावर आजच्या वाचकाने भुवया उंचावल्या तर नवल नाही. मुलींना दुय्यम शिक्षण देण्याचा हा प्रकार असल्याची टीका तेव्हाही झाली. मुलामुलींचे शिक्षण सारखेच असावे, हा आगरकरांचा आग्रह पुण्यात विसरला गेला नव्हता. दुसऱ्या बाजूने महात्मा गांधींना मातृभाषेचे माध्यम पसंत पडले, पण इंग्रजीची सक्ती पटली नाही.

कर्व्यांचे उत्तर त्यांच्या अनुभवातून आले होते. परक्या भाषेत आणि मुलांच्या गतीने शिकायचे, तर घरकाम, लवकर होणारे लग्न आणि आजारपण यांतून फारच थोड्या मुली तरून जात. ज्यांना मुंबई विद्यापीठाची पदवी हवी, त्यांना तो मार्ग मोकळा होताच. उरलेल्या बहुसंख्य मुलींचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. गणित ऐच्छिक ठेवण्याचा निर्णय चुकीचा होता, असे मला वाटते. त्यामागे तुच्छता नव्हती, हेही तितकेच खरे. विद्यापीठाने पदवीला नावही संस्कृतातून दिले, गृहीतागमा. सरकारी मान्यता नसल्याने या पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत किती, ही पालकांची चिंता वर्षानुवर्षे टिकली. कायद्याने मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. तोवर या मुली एका माणसाच्या शब्दावर शिकत होत्या.

१९१७ मध्ये प्राथमिक शिक्षिका घडविणारी अध्यापिकाशाळा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पुण्यात कन्याशाळा. शिक्षिकेची नोकरी हे त्या काळी विधवेला मानाने जगण्याचे जवळजवळ एकमेव साधन होते. आश्रमात अक्षर गिरवायला बसलेली मुलगी काही वर्षांनी दूरच्या एखाद्या गावात शिक्षिका म्हणून रुजू होई आणि महिन्याच्या पगारातून काही रक्कम हिंगण्याला पाठवी.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. दरसाल ५२,५०० रुपयांचे व्याज विद्यापीठाला मिळेल, अशी ती व्यवस्था होती. त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईत न्यावे, अशीही अट होती आणि १९३६ मध्ये ती पूर्ण झाली. चार-चार आणे गोळा करणाऱ्या कर्व्यांना इतकी मोठी रक्कम एकदम मिळाल्याने पुण्यात त्याची चर्चा झाली. विद्यापीठ मोठे झाले, पण हिंगण्यापासून दूरही गेले. काही हिंगणेकरांना ते बोचले, यात आश्चर्य नाही.

पैशाची निकड काही संपली नाही. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका असा प्रवास करीत, ठिकठिकाणी आपल्या कार्याची माहिती देत ते फिरले. बर्लिनमध्ये त्यांची आइनस्टाइन यांच्याशी भेट झाली. टोकियोत त्यांनी ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले, ज्याची पुस्तिका वाचून सारे सुरू झाले होते. वर्षभराने परतले आणि लगेच आफ्रिकेला गेले. १९३६ मध्ये त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी आणखी एक मंडळ काढले आणि त्यासाठीही ते दारोदार हिंडले.

घरच्यांनी पाहिलेले कर्वे

महर्षी म्हणून समाजाने डोक्यावर घेतलेला मनुष्य घरात कसा होता? थोरला रघुनाथ गणितच शिकला आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावून बसला. 'समाजस्वास्थ्य' हे त्याचे मासिक १९२७ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत चालले. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेला. दिनकर फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवू लागले आणि त्यांच्या पत्नी इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ आणि लेखिका म्हणून विख्यात झाल्या. धाकटे भास्कर आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई यांनी हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतले. इरावतीबाईंनी सासऱ्यांवर लिहिलेला लेख दिनकररावांच्या 'द न्यू ब्राह्मन्स' या १९६३ सालच्या इंग्रजी पुस्तकात आहे. त्यात आदर आहे आणि परखडपणाही आहे. सार्वजनिक कार्यात बुडालेला हा पुरुष घरातल्यांच्या वाट्याला किती कमी आला, हे त्या लपवीत नाहीत. कर्व्यांच्या आयुष्यातली ही बाजू वाचल्याशिवाय त्यांची थोरवीही पुरती कळत नाही, कारण त्या थोरवीची किंमत बायांनी आणि मुलांनी चुकती केली होती.

मान-सन्मान उशिरा आले आणि मग रांगेने आले. काशी, पुणे आणि मुंबई विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्या, १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न. पंडित नेहरूंच्या उपस्थितीत मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांचा सत्कार झाला. त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. मुंबईतल्या क्वीन्स रोडला त्यांचे नाव देण्यात आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या एकशे पाचव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

हिंगणे आता शहरात गुरफटले आहे. त्या गावाचे नावही बदलून कर्वेनगर झाले. कर्वे रस्त्यावरून वाहनांच्या गर्दीतून फर्ग्युसनपासून तेथे पोहोचायला संध्याकाळी कधीकधी चालण्याइतकाच वेळ लागतो. संस्थेच्या आवारात मुलींसाठी १९९१ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. गणित तेथे ऐच्छिक नाही. जूनमध्ये तेथे दाखल होणाऱ्या मुलींत खेड्यापाड्यांतून प्रथमच एकटी बाहेर पडलेली मुलगी असते. तिच्या पेटीवर गावाचे नाव रंगवलेले असते, सोबत आलेले वडील फाटकाशी थांबून वसतिगृहाच्या जेवणाची चौकशी करतात, आणि आतल्या झाडांखाली ती जुनी झोपडी उभी असते.